अनुदान मिळतंय म्हणून बेदाण्याचं युनिट टाकावं का?

प्रश्न विचारणारे कवठेमहांकाळ तालुक्यातले आहेत. मेकॅनिकल इंजिनिअर, सहा वर्षं चाकणला नोकरी, आता गावी परत यायचं आहे. शेताच्या कडेला वडिलांची जुनी बेदाणा शेड आहे. तिथं बेदाणा साफ करणं, प्रतवारी आणि पॅकिंगचं युनिट टाकायचा विचार आहे. मशिनरीवाल्यानं २८ लाखांचा प्रकल्प काढून दिला आणि वर सांगितलं, ‘३५ टक्के माफ होतात.’ त्यांनी तीन गोष्टी विचारल्या आहेत: अनुदान धरून धंद्यात उतरावं का, बाजार मंद आहे म्हणतात तर थांबावं का, आणि आपल्यासारख्या देशांत सरकारी पैशातून खरंच उद्योजक घडतात याला काही पुरावा आहे का.

मी एकोणीस वर्षं बँकेच्या कर्ज विभागात होतो. त्यानंतर सांगलीत प्रकल्प अहवाल आणि हिशेबाची कामं करतो. म्हणजे फाईल नाकारणारा आणि फाईल घेऊन दारात उभा राहणारा, दोन्ही मीच होतो. तेव्हा उत्तर लांबेल.

आधी ‘माफ’ हा शब्द सोडा. तुम्ही ज्या योजनेबद्दल लिहिलंय ती सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांची केंद्राची योजना, जून २०२० मध्ये सुरू झालेली. तिच्यात पात्र प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख, असं कर्जाशी जोडलेलं अनुदान आहे. किमान १० टक्के तुमचे. २८ लाखांवर हिशेब असा: तुमचे २ लाख ८०, बँकेचं कर्ज २५ लाख २०, अनुदान ९ लाख ८०. हे ९ लाख ८० तुमच्या चालू खात्यात कधीच येत नाहीत. ते बँकेत तुमच्या कर्जाच्या समोर वेगळ्या खात्यात पडून राहतात. तीन वर्षं युनिट चालू आणि कर्जखातं चोख राहिलं, तर मग ते कर्जात वळते होतात. तेवढ्या रकमेवर बँक व्याज लावत नाही, हा फायदा खरा. पण तो अनुदान बँकेत पोचल्यापासून. कर्ज उचललं आणि अनुदान यायला कधी चार महिने, कधी वर्ष लागलं, तर साडेदहा टक्क्यांनी त्या ९ लाख ८० वरचं वर्षाचं लाखभर व्याज तुम्हीच भरता. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमातही, ज्याला सगळे पीएमईजीपी म्हणतात, तीन वर्षांचीच अट आहे.

थोडक्यात, अनुदान हे चौथ्या वर्षीच्या तुम्हाला दिलेलं बक्षीस आहे. पहिल्या वर्षीच्या तुम्हाला त्याचा फारसा उपयोग नाही. आणि बरेच धंदे मरतात ते पहिल्या दोन वर्षांतच.

मीच मंजूर केलेलं एक हळद पावडरचं युनिट अजून डोळ्यासमोरून जात नाही. वाळवा तालुक्यातला मुलगा, हुशार, हिशेबाला पक्का, कोटेशन स्वच्छ. प्रकल्प योजनेच्या मापात बसवायला त्याचं खेळतं भांडवल, म्हणजे माल उचलायला लागणारा पैसा, मीच कापलं होतं. पल्व्हरायझर, म्हणजे दळायचं यंत्र, तेवढा पूर्ण ठेवला, कारण तारण म्हणून तो दिसतो. पहिला लॉट त्यानं पुण्यातल्या एका दुकानसाखळीला दिला, पैसे नव्वद दिवसांनी. त्याच काळात सांगलीच्या यार्डात हळकुंडाचा दर चढला आणि याच्याकडे पुढचा माल उचलायला पैसे नाहीत. पतसंस्थेतून पंधरा टक्क्यांनी घेतले, मग पाहुण्यांकडून हातउसने. दीड वर्षानं मी वसुलीला गेलो तेव्हा पल्व्हरायझरवर निळी ताडपत्री होती, तिच्या घड्यांत हळद साचली होती आणि वीजवाले मीटर काढून घेऊन गेले होते. अनुदान बँकेत जसंच्या तसं होतं. खातं थकून एनपीए झालं, तीन वर्षं भरायला निम्मा काळ बाकी होता, सगळी रक्कम परत गेली. तो एवढंच म्हणाला, “साहेब, माझे पैसे तुमच्याच शाखेत होते की.” मशीन उत्तम होतं. आजही कुणीतरी ते चालवत असेल.

आता तुमच्या युनिटकडे. बेदाण्याचा दर हिशेबाला सोपा जावा म्हणून २०० रुपये किलो धरू. प्रत्यक्षात तो हंगामाप्रमाणे खूप खालीवर जातो. दहा टनांची एक गाडी म्हणजे २० लाख. तुमच्या कोटेशनमधल्या मशिनरीची किंमतही जवळपास तेवढीच आहे. म्हणजे ज्या यंत्रासाठी तुम्ही सहा महिने कागद गोळा करणार, ते यंत्र आणि बेदाण्याची एक गाडी एकाच भावाची. यंत्र एकदा घ्यायचंय, गाडी दर महिन्याला.

महिन्याला एकच गाडी घेतलीत तर वर्षाला २ कोटी ४० लाखांची खरेदी, विक्री समजा २ कोटी ६०. बँका छोट्या उद्योगांना खेळतं भांडवल नायक समितीच्या पद्धतीनं देतात: अंदाजित उलाढालीच्या २५ टक्के गरज धरायची, त्यातले २० टक्के बँकेचे आणि ५ टक्के तुमचे. २ कोटी ६० वर बँकेचे ५२ लाख, तुमचे १३ लाख. मशिनरीवाल्यानं सांगितलं, २ लाख ८० घाला आणि सुरू करा. खरा आकडा १५ लाख ८०. हा फरक त्याच्या कोटेशनमध्ये नसतो, कारण त्याला मशीन विकायचंय.

शिवाय नव्या माणसाच्या ‘अंदाजित उलाढाली’वर शाखाधिकारी किती विश्वास ठेवेल, हा प्रश्न आहेच. मी स्वतः ठेवत नव्हतो. आणि कॅश क्रेडिट, म्हणजे खेळत्या भांडवलाचं हे कर्ज, मंजूर झालं तरी दर महिन्याला ड्रॉइंग पॉवर, म्हणजे त्यातून किती उचलता येईल ते, काढताना नव्वद दिवसांच्या वरची येणी बँक सहसा धरत नाही. दिल्ली-इंदूरच्या व्यापाऱ्यानं पैसे शंभर दिवस थांबवले की तुमची मर्यादा नेमकी त्याच महिन्यात आकसते ज्या महिन्यात ती हवी असते.

यावर माझं उत्तर तुम्हाला कदाचित कमी वाटेल: पहिले दोन हंगाम स्वतःचा माल घेऊच नका. मजुरीवर काम करा. माल व्यापाऱ्याचा किंवा बागायतदाराचा, साफसफाई, देठ काढणं, प्रतवारी आणि बॉक्स भरणं तुमचं, किलोमागे दर. समजा ५ रुपये दर आणि दिवसाला दोन टन. पंचवीस दिवसांत ५० टन, अडीच लाख. निवडायला आठ बायका, ४०० रुपये हजेरीनं ८० हजार. वीज, दुरुस्ती, हमाली मिळून ३० हजार धरा. २५ लाख २० चा सात वर्षांचा हप्ता साडेदहा टक्क्यांनी साडेबेचाळीस हजार. हाती ९७ हजार. भरल्या महिन्याला. बारा महिने भरलेले नसतात. निम्मं काम मिळालं तर उत्पन्न सव्वा लाखावर येतं, बायकांची हजेरी ४० हजार, बाकीचा खर्च २० आणि हप्ता तोच. उरतात २२-२३ हजार, यात तुमचा पगार. चाकणचा पगार आठवेल. पण या गणितात बेदाण्याचा दर पडला तर तुम्ही बुडत नाही, आणि व्यापाऱ्यानं उशिरा पैसे दिले तर अडकते ती मजुरी, वीस लाखांची गाडी नव्हे. हे आकडे माझ्या टेबलावरचे आहेत, तुमच्या भागातला दर आणि हजेरी घालून पुन्हा करा.

मजुरीच्या कामाचा आणखी एक फायदा कागदावरचा. सूक्ष्म-लघु उद्योगांना ४५ दिवसांत पैसे मिळावेत असा २००६ चा कायदा आहे, उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. २०२४-२५ च्या कर आकारणी वर्षापासून आयकर कायद्यातही तरतूद आली: सूक्ष्म-लघु पुरवठादाराचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही. पण निव्वळ व्यापाऱ्याला, उद्यम नोंदणी (सूक्ष्म-लघु उद्योगांची सरकारी नोंदणी) असली तरी, या ४५ दिवसांचं संरक्षण नाही. प्रक्रिया करणाऱ्याला आहे. तेव्हा उद्यम नोंदणी करताना काम ‘ट्रेडिंग’ म्हणून टाकू नका. सायबर कॅफेवाला पटकन टाकून मोकळा होतो. तक्रार मात्र कुणी करत नाही, हेही सांगतो. ज्याच्याकडून पुढची ऑर्डर हवी त्याच्यावर कोण व्याज लावणार? कायद्यापेक्षा आपल्या बेदाणा बाजाराची जुनी रीत मला जास्त भरवशाची वाटते: दिवाळीच्या तोंडावर सौदे थांबवायचे आणि जुनी येणी-देणी शून्यावर आणायची, ज्याला सगळे झिरो पेमेंट म्हणतात. ज्याचं नाव त्यात अडकतं त्याला पुढच्या सौद्यात तोंड दाखवायचं असतं.

आता तुमचा दुसऱ्या टोकाचा प्रश्न, पुराव्याचा. यावर गेल्या वीस वर्षांत बरंच काम झालंय आणि ते वाचलं की आपल्याकडच्या फायली वेगळ्या दिसायला लागतात.

श्रीलंकेत संशोधकांनी छोट्या धंदेवाल्यांतून चिठ्ठ्या टाकून काहींना १० किंवा २० हजार श्रीलंकन रुपये दिले, काहींना रोख, काहींना मालाच्या रूपात. २००८ साली निष्कर्ष छापून आले. भांडवलावरचा परतावा महिन्याला जवळपास ५ टक्के निघाला, म्हणजे बँकेच्या व्याजापेक्षा किती तरी जास्त. छोट्या माणसाकडे धंद्याची अक्कल असते, पैसा नसतो, हे म्हणणं तिथं खरं ठरलं. पण पुरुषांपुरतं. बायकांच्या धंद्यात वाढ दिसेना. पुढे भारत, श्रीलंका आणि घाना इथल्या आकडेवारीवरून लक्षात आलं की घरात नवऱ्याचा धंदा असला तर बाईच्या नावावर आलेला पैसा तिकडे वळतो. आपल्याकडे हे सिद्ध करायला प्रयोग लागत नाही. पीएमईजीपीत ग्रामीण भागात सर्वसाधारण गटाला २५ टक्के आणि महिलांना ३५ टक्के, म्हणून फाईल बायकोच्या नावावर. मुलाखतीला ती येते, पदर सावरत नवऱ्याकडे बघते, सही करते. मी अशा कितीतरी फायलींवर शेरा मारला आहे. तुमचा बेत तसा असेल तर एक पाहा: कर्जदार ती असेल. उद्या नोटीस तिच्या नावानं येईल, सिबिल तिचं बिघडेल. तिला हिशेब दाखवून, चेकबुक तिच्या हातात देऊन करायचं असेल तर जरूर करा. बेदाणा निवडण्याचं काम आपल्याकडे नाही तरी बायकाच ओळखतात.

नायजेरियात २०११ साली सरकारनं धंद्याच्या आराखड्यांची स्पर्धा घेतली. चोवीस हजारांच्या आसपास अर्ज, बाराशे विजेते, प्रत्येकी सरासरी ५० हजार डॉलर. उपांत्य फेरीतल्यांतून बरेचसे चिठ्ठीनं निवडले, त्यामुळे तुलना चोख करता आली. तीन वर्षांनी पैसे मिळालेल्यांचे धंदे टिकून असण्याचं आणि दहा किंवा जास्त माणसं कामाला असण्याचं प्रमाण स्पष्टपणे वरचढ होतं. मला त्यातली दोन कलमं महत्त्वाची वाटतात. रक्कम मोठी होती, आणि ती टप्प्याटप्प्यानं, कामाची प्रगती बघून, सुरुवातीपासून हातात दिली. आपल्या योजनेच्या बरोबर उलट: आपण आधी कर्ज देतो आणि जगलास तर अनुदान.

युगांडाचा अनुभव याच्यापुढे ठेवायला हवा. तिथं २००८ मध्ये तरुणांच्या गटांना कामाची अवजारं आणि प्रशिक्षणासाठी माणशी ३८२ डॉलर पडतील असं अनुदान दिलं. चार वर्षांनी त्यांची कमाई न मिळालेल्यांपेक्षा ३८ टक्के जास्त. नऊ वर्षांनी पाहिलं तर कमाईतला फरक जवळजवळ पुसला गेला होता. पैसे मिळालेले मागे आले नव्हते. न मिळालेल्यांनीच पुढे येऊन त्यांना गाठलं होतं. अनुदानानं त्यांना काही वर्षं आधी सुरुवात करून दिली, एवढंच. माझ्या मते आपल्याकडच्या चांगल्या फायलींचंही हेच होतं. जो धंदा करणारच होता तो तीन वर्षं आधी करतो. ही काही कमी गोष्ट नाही, पण पत्रकात ‘उद्योजक घडवले’ असं छापतात ते जरा जास्तच.

आणि एक कोलकात्याचा प्रयोग, सगळ्यात कामाचा. सूक्ष्म कर्ज घेणाऱ्यांपैकी काहींचा पहिला हप्ता नेहमीप्रमाणे दोन आठवड्यांनी लावला, काहींना दोन महिन्यांची सवड दिली. सवड मिळालेल्यांनी धंद्यात जास्त पैसा घातला, पुढे नफाही जास्त झाला. थकबाकीही वाढली, हे खरं. पण रुपया एक न वाढवता नुसती मुदत हलवून धंद्याचा आकार बदलला. म्हणून बँकेत बसाल तेव्हा व्याजदराच्या पाव टक्क्यासाठी घासाघीस करू नका, मोरॅटोरियमसाठी, म्हणजे पहिल्या हप्त्याआधीच्या सवडीसाठी, करा. द्राक्षं जानेवारी ते एप्रिल, बेदाणा फेब्रुवारीपासून तयार होतो. कर्ज ऑगस्टमध्ये उचललंत आणि तीन महिन्यांनी हप्ता सुरू झाला, तर पहिला बेदाणा दिसायच्या आधी तीन हप्ते गेले. हंगामाशी जुळवून हप्ता मागा. लेखी मागा.

अनुदानाचा दुसरा परिणाम हिशेबात दिसत नाही, तो गावात दिसतो. धंदा माणसाच्या मापाचा न होता योजनेच्या मापाचा होतो. १० लाखांची कमाल मर्यादा आणि ३५ टक्के, की प्रकल्प आपोआप २८ लाखांचा निघतो. तुमचा का निघाला असं वाटतं? मशिनरीला अनुदान म्हणून मशिनरी मोठी. ज्या वर्षी ज्या यंत्राचा एजंट तालुक्यात फिरतो त्या वर्षी तेच यंत्र दहा शेडमध्ये. द्रोण-पत्रावळी, मग डाळ मिल, मग पापड. सगळे एकाच आठवडी बाजाराला विकणार.

कोटेशन फुगवण्याचाही विषय काढतो, कारण तुम्हाला ते कोणीतरी सुचवणार आहे. ‘पाच लाख वाढवून लावू, स्वहिस्सा त्यातच निघेल.’ पाच लाखांवर ३५ टक्के म्हणजे पावणेदोन लाख, आणि तेही कमाल मर्यादेच्या आत असलात तर. तुमचा प्रकल्प आधीच ९ लाख ८० ला पोचलाय, म्हणजे वाढीव मिळणार २० हजार. उलट पाच लाखांचं जादा बिल, त्यावरचा जीएसटी, जादा कर्जाचं व्याज आणि मध्यस्थाची टक्केवारी. वर बनावट बिलाचा गुन्हा. या व्यवहारात एकच माणूस नक्की कमावतो, तो सुचवणारा.

बाजाराच्या परिस्थितीबद्दल. टीव्हीवरची अर्थव्यवस्था आणि तुमच्या शेडची अर्थव्यवस्था यांची गाठ तीन-चार ठिकाणीच पडते. एक व्याज. ऑक्टोबर २०१९ पासून सूक्ष्म-लघु उद्योगांची बदलत्या दराची नवी बँक कर्जं रिझर्व्ह बँकेच्या रेपोसारख्या बाहेरच्या दराशी बांधलेली आहेत. मे २०२० मध्ये रेपो ४ टक्के होता, फेब्रुवारी २०२३ पर्यंत साडेसहा झाला. २५ लाख २० वर अडीच टक्के म्हणजे वर्षाला ६३ हजार, दीड हप्ता. २०२५ मध्ये तो सव्वापाचपर्यंत उतरला. आजचा दर बघून सात वर्षांचा हिशेब करू नका. दोन टक्के वर जाईल असं धरून जमतंय का पाहा. दुसरी गाठ बाहेरच्या मालाची. अफगाणी बेदाणा नेहमीचाच, अलीकडे चिनी माल येतो म्हणून बागायतदार ओरडत आहेत. तिसरी अवकाळीची. एका पावसानं द्राक्षाचं पीक गेलं की बेदाण्याचा दर चढतो. बागायतदाराकडे माल नाही, व्यापाऱ्याकडे पैसा अडकलेला, आणि तुमच्या मशीनला काम नाही. चढा दर ही तुमच्यासाठी चांगली बातमी असेलच असं नाही. मजुरीवाल्याला टन हवेत, दर नव्हे. त्यामुळे ‘मंदी आहे का’ यापेक्षा ‘यंदा छाटण्या किती झाल्या आणि फळ किती धरलंय’ हे तुम्हाला वडील अधिक नेमकं सांगतील.

मंदीत काही लोक धंदा सुरू करतात, हे मात्र खरं. नोकरी नसते म्हणून. आपल्या जिल्ह्यात याचं मोठं उदाहरण गलाईवाले. खानापूर-आटपाडीच्या दुष्काळातून उठून विट्याकडची माणसं सोनं-चांदी गाळायला केरळ, तमिळनाडूपासून दिल्लीपर्यंत गेली. कुठलं अनुदान, कुठला प्रकल्प अहवाल? एकानं जायचं, दुकान लावायचं, गावातल्या पोराला हाताखाली बोलवायचं, तो शिकला की त्याला शेजारच्या शहरात भांडवल द्यायचं. प्रशिक्षण, कर्ज, जामीन आणि गिऱ्हाईक, चारही एकाच नात्यातून. आपल्या योजना यातली पहिली दोन देतात. म्हणून मी येणाऱ्या प्रत्येकाला विचारतो की तू कुणाच्या हाताखाली काम केलंस. तुम्ही इंजिनिअर आहात, मशीन तुम्हाला कळेल. पण सौद्यात बॉक्समधली मूठ हातात घेऊन रंग, गोडी आणि ओल बोटांना कळावी लागते. एक हंगाम तासगावच्या सौद्यात उभे राहा. नमुना बघताना बेदाण्याची उधळण होत असेल तर ती बघून जीव तुटेल, पण व्यापारी कुठल्या मालावर थबकतो ते कळेल.

लोक किर्लोस्करवाडीचा दाखला देतात, तोही अर्धा. बेळगावची जागा सोडावी लागल्यावर १९१० मध्ये औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी लक्ष्मणराव किर्लोस्करांना कुंडलजवळचा निवडुंगानं भरलेला माळ दिला, पैशाचीही मदत केली. सरकारी मदतीतून उद्योग उभा राहिला, हे बरोबर. पण लोखंडी नांगरानं जमीन नासते असं मानणाऱ्या शेतकऱ्याला गिऱ्हाईक करायचं काम राजाच्या हातात नव्हतं. आणि राजानं तीन वर्षांनी पडताळणीला माणूस पाठवला नाही, धीर धरला. मला वाटतं सरकारी पैशाची खरी किंमत या धीरात आहे. तुमच्याच तालुक्यात बघा: टँकरनं बागा जगवणाऱ्या गावांत म्हैसाळ उपसा सिंचन योजनेचं पाणी आलं, त्यानं जे धंदे उभे केले ते कुठल्याच वैयक्तिक अनुदानाच्या यादीत मोजले जात नाहीत. रोपवाटिका, औषध दुकानं, ट्रॅक्टर दुरुस्ती, शीतगृहं. तुमचं युनिटही त्याच पाण्यावर उभं राहणार आहे.

एक गोष्ट मध्येच सांगून ठेवतो. वडिलांचा स्वतःचा बेदाणा शीतगृहात असेल तर पैशासाठी तो पडत्या भावात विकू नका. बाजार समित्यांमार्फत चालणाऱ्या पणन मंडळाच्या शेतमाल तारण योजनेत शेतकऱ्याला ६ टक्क्यांनी कर्ज मिळतं, बेदाणा आणि हळद दोन्ही त्यात आहेत. ही शेतकऱ्यासाठी आहे, व्यापाऱ्यासाठी नाही. आणि पुढेमागे सांगलीत गोडाऊन भाड्यानं घेणार असाल तर मालकाला आधी २०१९ चं पाणी भिंतीवर कुठपर्यंत आलं होतं ते विचारा. आयर्विन पुलाजवळ ४५ फूट ही धोका पातळी, त्या वर्षी ५७ च्या वर गेलं होतं.

तर मी तुमच्या जागी काय करेन? कोटेशन आणखी मागवणार नाही. आधी दोन-तीन व्यापाऱ्यांकडे जाईन आणि विचारेन, ‘मजुरीवर साफ करून दिलं तर हंगामात किती टन द्याल, दर काय, पैसे कधी?’ जे सांगतील त्याच्या निम्मं धरेन. तेवढ्यावर हप्ता निघतो का पाहीन. निघत नसेल तर मशिनरी २० ऐवजी १२ लाखांची घेईन, भले अनुदान कमी मिळो. जुनं ग्रेडिंग मशीन चालेल का हेही बघीन. जुन्या यंत्रावर योजना सहसा चालत नाही, पण जुनं यंत्र कधी कधी अनुदान वजा जाता नव्या यंत्रापेक्षाही स्वस्त पडतं. मग कृषी विभागाच्या जिल्हा संसाधन व्यक्तीकडे जाईन. ते लोक अर्ज आणि अहवाल करून देतात, त्यासाठी तुम्ही एजंटला पैसे द्यायची गरज नाही. योजनेची मुदत आणि निधी त्या दिवशी चालू आहे का, हे तिथंच विचारा. सगळा हिशेब अनुदान शून्य धरून करा. शून्यावर चालत असेल तर जरूर अर्ज करा आणि तीन वर्षांनी ९ लाख ८० आले की मला पेढे नका, बेदाणा पाठवा.

शेवटी, तुम्ही न लिहिलेली एक गोष्ट. ‘वडिलांची शेड’ म्हणालात. ती ज्या गटात आहे त्याचा सातबारा एकट्या वडिलांच्या नावावर आहे की चुलत्यांसह सामायिक? सामायिक असेल तर बँकेच्या आधी चुलत्यांकडे जा, तेही दिवाळीच्या आत. संमतीपत्राविना मंजूर कर्ज वर्षभर अडकून पडलेलं मी पाहिलंय, आणि त्या वर्षभरात अनुदानाची यादी दोनदा बंद झाली होती.